दोन पीटी आणि अकरावीचा फॉर्म



'पीटी' म्हटलं की आमच्या पिढीला गळ्यात शिट्टी अडकवलेले कवायतीचे सर आठवतात. हल्लीच्या मुलांना पीटी म्हणजे फिजिओथेरपी. गंमत अशी की ही दोन्ही पीटी एकमेकांना परकी नाहीत, चुलत भावंडंच म्हणा ना! आज त्यांची वंशावळ थोडक्यात मांडते. जुनी मास्तरीण आहे, इतिहास सांगितल्याशिवाय मुद्द्यावर येता येत नाही. :)

मुद्दा आमच्या जव्हार-मोखाड्याच्या मुलांचा आहे. या शिक्षणाची तयारी कोणत्या वयात सुरू करायची, आणि ते वय ठरवलं कुणी?

सुरुवात होते स्वीडनमध्ये. १८१३ साली स्टॉकहोमला पेर हेन्रिक लिंग यांनी व्यायामशिक्षक घडवणारी संस्था काढली. शरीर कमावण्याच्या व्यायामाबरोबर दुखणं बरं करणारा व्यायामही तिथे शिकवत. पुढे १८९४ साली इंग्लंडमध्ये चार नर्सनी मसाज शिकलेल्या बायकांची संस्था स्थापन केली. तिथली फिजिओथेरपिस्टांची आजची मोठी संस्था त्यातूनच वाढली. मग पहिलं महायुद्ध आलं. जखमी सैनिकांना पुन्हा उभं करण्यासाठी अमेरिकेने बायकांना शिकवून तयार केलं. त्यांतल्या मेरी मॅकमिलन १९२१ साली स्थापन झालेल्या तिथल्या पहिल्या संघटनेच्या पहिल्या अध्यक्षा.

या संघटनेने १९२८ साली जो किमान अभ्यासक्रम ठरवला तो नऊ महिन्यांचा, १२०० तासांचा होता. आणि प्रवेशाची अट? आधी शारीरिक शिक्षणाची किंवा नर्सिंगची शाळा पूर्ण केलेली असावी. म्हणजे कवायतीच्या बाई आणि नर्सबाई हेच या विद्येचे पहिले उमेदवार! माणसाच्या शरीराशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांनी पुढचं शिकावं, असा साधा विचार.

आपल्याकडे ही विद्या आणली पोलिओने. १९५० च्या आसपास मुंबईत पोलिओची साथ आली आणि लुळे पडलेले हातपाय घेऊन मुलं हॉस्पिटलांत येऊ लागली. जीव वाचला तरी चालायला कोण शिकवणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५३ साली परळच्या केईएम हॉस्पिटलात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. १९५५ साली हाजी अलीला अखिल भारतीय संस्था उभी राहिली, त्याच वर्षी फिजिओथेरपिस्टांची देशपातळीवरची संघटनाही झाली. पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. २०१४ च्या मार्चमध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. ज्या रोगाने ही विद्या आणली तो गेला, विद्या मात्र राहिली. आता तिच्या दारात पक्षाघाताचे, मणक्याच्या दुखापतीचे, गुडघ्याचे रुग्ण आणि जन्मतः मेंदूला इजा झालेली मुलं उभी आहेत.

आता तयारीकडे वळते.

आमच्या वेळी अकरावीला मॅट्रिक. ज्याला डॉक्टरीकडे जायचं तो कॉलेजात जाऊन इंटर सायन्स करी, त्यात 'बी ग्रुप' घेई, मग पुढचा अर्ज. म्हणजे कॉलेजचं पाणी चाखल्यावर निर्णय. १९७५ ला दहावीची पहिली बॅच बाहेर पडली, अकरावी-बारावीची ज्युनिअर कॉलेजं आली आणि हा निर्णय दहावीच्या निकालाच्या आठवड्यात येऊन बसला. फिजिओथेरपीच्या पदवीला बारावी विज्ञान हवी, आणि त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली झालं, त्याने हा अभ्यासक्रम चार वर्षं आणि वर सहा महिने इंटर्नशिप असा चालवला. गेल्या काही वर्षांत प्रवेशासाठी नीटचे गुणही धरू लागले. या साऱ्याची पहिली पायरी एकच, अकरावीच्या फॉर्मवर केलेली खूण. पंधरा-सोळाव्या वर्षी.

अमेरिकेत हे दार वेगळ्या ठिकाणी आहे. १९९३ साली क्रेटन विद्यापीठाने डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी हा अभ्यासक्रम सुरू केला आणि २०१६ पासून तिथे या व्यवसायात येण्याचा तोच रस्ता उरला. आधी चार वर्षांची कुठलीही पदवी, मग साधारण तीन वर्षं हा अभ्यास. आमच्या नात्यातली एक मुलगी न्यू जर्सीत सध्या हीच तयारी करते आहे. तिचा मुख्य विषय मानसशास्त्र. त्याबरोबर शरीररचना, शरीरक्रिया, जीवशास्त्र, रसायन, भौतिकी आणि संख्याशास्त्र असे ठरावीक विषय तिने घेतलेत. सुट्टीत ती एका थेरपिस्टच्या मागे उभी राहून काम बघते, त्या तासांची नोंद अर्जाला जोडायची असते. मी विचारलं, "इतिहासात बीए असेल तर?" म्हणाली, "चालेल की आजी! हे विषय तेवढे केले पाहिजेत." मला फार बरं वाटलं! अर्थात तिथे शिक्षणाचा खर्च आणि कर्ज डोंगराएवढं, हेही तिनेच सांगितलं. त्यामुळे तिकडचं सगळं सोन्याचं असं माझं म्हणणं नाही.

पण विसाव्या वर्षी मन ठरवायची मुभा आणि पंधराव्या वर्षी ठरवायची सक्ती, यातला फरक सर्वांत जास्त कुणाला जाचतो? शहरातल्या मुलाला घरात, शेजारी, क्लासमध्ये सांगणारे दहाजण असतात. आमच्या वाडीवरच्या मुलीची शाखा ठरते ती वसतिगृह कुठे आहे आणि एसटी कुठपर्यंत जाते यावर.

माझी एक विद्यार्थिनी होती, नाव सांगत नाही. तिचा धाकटा भाऊ जन्मापासून आखडलेला. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात आणि नंतर नाशिकला दाखवलं, तिथे व्यायाम शिकवले. ते ही पोर रोज सकाळी भावाकडून करून घ्यायची. आई-बाप दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे, मग सगळं हिच्यावर. दहावीला मार्क चांगले पडले. जवळ सोय कला शाखेची होती, तिथे नाव घातलं. बारावीनंतर तिला कळलं की जे काम ती चार वर्षं हाताने करत होती, त्याच्या शिक्षणाचा अर्जसुद्धा तिला भरता येणार नाही. आदिवासींसाठी राखीव जागा आहेत, पण त्या विज्ञानाची बारावी झालेल्यांना. पुन्हा अकरावीपासून सुरुवात करायला घरात ना पैसा ना वेळ. आज ती आशा ताई म्हणून काम करते, आणि चांगलं करते. तरी मला वाटत राहतं, १९२८ च्या त्या अटीने तिला दारात तरी उभं केलं असतं!

हे काम एका गोळीने होत नाही, महिनोन्महिने करावं लागतं. मोखाड्याहून नाशिकला रोज कोण जाईल? एक दिवस गेला की एक मजुरी गेली. आणि वारली-कोकणी बोलणाऱ्या म्हातारीला "गुडघा सोडा, आता ताणा" हे तिच्या बोलीत सांगणारं माणूस हवं. ते इथल्याच मुलांतून यायला हवं.

म्हणून माझं सांगणं आहे की तयारी आठवी-नववीतच सुरू करा. मुलांना सांगा की डॉक्टर आणि नर्स यांच्याखेरीज आणखीही कामं दवाखान्यात असतात. जमलं तर एक दिवस फिजिओथेरपी चालते तिथे नेऊन दाखवा. दहावीचा निकाल लागण्याआधी चौकशी करा की विज्ञान कुठे आहे, वसतिगृह कुठे मिळेल, जातीचा दाखला आणि पडताळणीचे कागद कुठवर आलेत. आणि फॉर्मवर बायॉलॉजीसमोर खूण करताना शेजारी मोठं कुणीतरी बसलेलं असू द्या.

आमच्या नातेवाइकांत आणि वाचकांत शिक्षक बरेच आहेत. निकालाला अजून वेळ आहे, तोवर आपापल्या वर्गात एक तास या विषयाला द्याल का? कुणी दिलात तर मुलांनी काय काय विचारलं ते मला जरूर कळवा.