पगाराचे कूळ
ज्या शब्दासाठी आम्ही गिरण्यांच्या फाटकांवर वर्षानुवर्षे भांडलो, तो ‘पगार’ मूळचा मराठी नव्हे. गोवा १५१० साली घेणाऱ्या पोर्तुगीजांचा तो शब्द. त्यांच्या भाषेत ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे; त्या क्रियापदाचे आपण नाम केले. त्याच्याही मागे लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. ‘पाक्स’ म्हणजे शांतता. देणे फिटले की धनको शांत होई, म्हणून अर्थ असा वळला. इंग्रजीतला ‘पे’ही फ्रेंचमार्गे याच घराण्यातला. म्हणजे गोऱ्या साहेबाचा पे आणि कामगाराचा पगार चुलतभाऊ निघाले. आकड्यांत मात्र हे नाते कधी दिसले नाही! फारसी ‘तनख्वाह’ अधिक रोखठोक: ‘तन’ म्हणजे देह, ‘ख्वाह’ म्हणजे मागणारे. ‘सॅलरी’त लॅटिन मीठ आहे खरे, पण रोमन शिपायांना पगार मिठातच मिळे, या लोकप्रिय कथेला भक्कम पुरावा नाही.