करवतकापी विनियर
कारखान्यात पात्याने तासलेले विनियर जेमतेम ०.५ ते ०.६ मिलिमीटर जाड असते. कारागिराने बँडसॉवर कापलेले साधारण १.५ ते ३. त्यावर रंधा निर्धास्त चालतो, हीच त्याची मजा. फर्निचरकार जेम्स क्रेनॉव्ह (१९२०–२००९) यांनी आपल्या कपाटांत ते आवडीने वापरले.

मेख लाकडाच्या फुगण्यात आहे. ज्यावर विनियर चिकटवतात ते प्लायवुड जवळजवळ स्थिर. वरचा थर मात्र दमट हवेत रुंदीला फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. एकाच बाजूला चिकटवला तर फळा वाकतो, म्हणून पाठीलाही तेवढ्याच जाडीचे विनियर लावतात. ३ मिलिमीटरपुढे हा थर भरीव लाकडासारखाच वागू लागतो, आणि मग तडे.

पीव्हीए गोंद सोयीचा, पण सततच्या ताणाखाली किंचित सरकतो. युरिया-फॉर्मल्डिहाइड ताठ राहतो. रबरी चिकटद्रव्य इथे नकोच.

दाब सर्वत्र सारखा हवा: जाड फळ्या आणि क्लॅम्प, नाहीतर निर्वात पिशवी.