लेप मासा आणि ओहोटीचा हक्क

कोकणातून नोकरीच्या निमित्ताने बंगळूरला आलेल्या आम्हा मंडळींची समुद्राशी गाठ पडते ती शिवाजीनगरच्या रसेल मार्केटात. किनारा घाटापलीकडे साडेतीनशे किलोमीटरवर राहिला. तेथून बर्फात निजून आलेले मासे येथे फळ्यांवर मांडलेले असतात. सुरमई-पापलेटाच्या मानाच्या राशी ओलांडून पुढे गेले, की एका कोपऱ्यात जिभेसारखे लांबट, चपटे, मातकट रंगाचे मासे दृष्टीस पडतात. मंगळूरकडचा मनुष्य त्यांस 'नंगु' म्हणतो, मलबारी 'मान्तळ' म्हणतो, गोवेकर 'लेपो'. आमच्याकडे तो लेप. भाव कमी, मान त्याहून कमी. परंतु ज्याचे बालपण खाडीकाठी गेले, त्याचा पाय तेथे अडखळतोच.

या उपेक्षित माशाच्या शास्त्रीय नावाशी बंगळूरचा एक दूरचा धागा आहे. 1799 साली श्रीरंगपट्टण पडले आणि पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरास म्हैसूर, कानडा आणि मलबार या प्रांतांच्या पाहणीवर धाडले. तो बंगळूरास आला, हैदर-टिपूंच्या बागा त्याने पाहिल्या, आणि पुढे घाट उतरून किनाराही पाहिला. त्याचा प्रवासवृत्तान्त 1807 साली तीन खंडांत निघाला. पुढे हॅमिल्टन हे आडनाव घेतलेल्या याच गृहस्थाने 1822 साली गंगेतील माशांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात लेपाच्या वंशास 'सायनोग्लॉसस', म्हणजे ग्रीक भाषेत 'कुत्र्याची जीभ', हे नाव दिले. नाव रूपास साजेसेच आहे.

लेपाचा स्वभाव समजला म्हणजे त्यास धरण्याची रीत समजते. जन्मतः त्याचे डोळे इतर माशांप्रमाणे दोन बाजूंस असतात; वाढता वाढता एक डोळा सरकून दुसऱ्याशेजारी येतो आणि मासा कुशीवर आडवा होऊन तळाशी राहू लागतो. चिखलातील किडे हे त्याचे अन्न. मलबारी लेपावर 1955 साली शेषप्पा आणि भीमाचार या शास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पावसाळा ओसरला की हा मासा किनाऱ्याजवळ येतो, हे कोळ्यांचे पिढीजात ज्ञान त्यात शास्त्राच्या कसोटीस उतरले. अशा तळाशी चिकटलेल्या माशास वरवरचे जाळे काय करणार? त्याला तळ घासणारे जाळे हवे, उथळात नेमका पडणारा पाग हवा, नाहीतर ओहोटीच्या वाटेवर बांधलेली जाळ्याची पिशवी हवी. बुकॅननच्या मायदेशी, सॉल्वेच्या आखातात, लोक अनवाणी चालत तळपायानेच चपट्या माशाचा ठाव घेतात. उपाय वेगळे, भिस्त मात्र सर्वत्र ओहोटीवर.

आणि ओहोटीचे पाणी कोणाचे, हा प्रश्न आमच्या किनाऱ्यावर फार जुना आहे. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे गोव्यातील खाजण. खाडीलगतची खारट दलदल बांध घालून शेतीखाली आणलेली ही जमीन. तिचे क्षेत्र सुमारे 18,000 हेक्टर मानले जाते. कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्म्याचा बांदिवडे येथील ताम्रपट सहाव्या शतकाच्या सुमाराचा. त्यातही 'खज्जन' जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे. बांधात लाकडी दारांची 'मानस' असते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारे मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. कुलाब्याकडच्या खारबंदिस्तीत अशाच दाराला 'उघाडी' म्हणतात, तर कारवार-कुमठ्याकडे अशा जमिनी 'गजनी' या नावाने ओळखल्या जातात.

पावसाळ्यात खाजणात कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात पिकते. भात निघाल्यावर मानशीच्या तोंडाशी जाळे बांधले, की ओहोटीच्या पाण्याबरोबर कोळंबी, शेवटे, काळुंद्रे, खेकडे आणि त्यांच्यात एखादा चुकलामाकला लेपही आपण होऊन जाळ्यात येतो. येथे धरणारा धावत नाही. पाणीच त्याच्यासाठी राबते. म्हणूनच या जागेचा हक्क कोणा एकाचा नसे. तो गावकरीचा. तिचे रीतिरिवाज 1526 साली पोर्तुगीज अंमलदार अफोंसु मेशिया याने नोंदवून घेतले, ते प्रसिद्धच आहेत. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होई आणि त्या पैशाचा वाटा बांधाच्या डागडुजीस लागे. मासा बांधाला पोशी आणि बांध भाताला राखी. एवढा साधा तो हिशेब.

हा हिशेब पुढे बिघडला. 1964 च्या कुळवहिवाट कायद्याने कसणाऱ्यास संरक्षण मिळाले, ते न्याय्यच होते. पण त्यानंतर बांधांची जबाबदारी गावकरीकडून कुळांच्या संघांकडे आली आणि सामुदायिक श्रमाची जुनी शिस्त सैल पडली. इकडे कोळंबीचा भाव चढला. भातापेक्षा मासळीचा पैसा मोठा दिसू लागला, तशी खारे पाणी गरजेपेक्षा अधिक वेळ आत घेण्याचा मोह काही ठिकाणी अनावर झाला. शेते खारावली, बांध फुटले. आणि एकदा बांध गेला की भातही जाते व मानशीवरचे मासेही. बाहेर समुद्रात यांत्रिक ट्रॉलर तळ खरवडू लागले, तेव्हा लेपाच्या वाट्याचा चिखलही निर्वेध राहिला नाही.

आम्ही दप्तरांत आयुष्य घालविलेली माणसे. भाताची फाईल शेती खात्याकडे, मासळीची मत्स्य खात्याकडे, बांधाची तिसरीकडे, ही व्यवस्था आमच्या अंगवळणी पडलेली आहे. खाजण बांधणाऱ्यांनी मात्र या तिन्हींचा जमाखर्च एकाच वहीत ठेवला होता, आणि ती वही निदान काही शतके जुळत राहिली. त्यांच्या काळी सारे गोडीगुलाबीने चाले, असे आम्ही म्हणणार नाही; गावकरीत सर्वांना सारखा आवाज नव्हता. परंतु ज्याला पाण्याचा लाभ, त्याच्यावर बांधाचा भार, हे तत्त्व त्यांनी सोडले नाही. बाजारातून लेपाची पुडी घरी नेताना आम्हांस वाटते, की त्या चपट्या माशाच्या निमित्ताने आम्ही जुन्या चवीबरोबर हे तत्त्वही स्मरणात ठेवावे. घाटमाथ्यावर बसून किनाऱ्याविषयी टिपणे लिहिणाऱ्यांस त्याची गरज अधिक आहे.