ओल्नीचे चित्रसंपुट : गृहशिक्षणाच्या इतिहासाचे एक साधन

शिक्षणाच्या इतिहासाची साधने बहुधा शाळेच्या उंबरठ्यापाशीच थांबतात. शाळेला हजेरीपट असतो, शिक्षकाच्या वेतनाचा हिशेब असतो, सरकारी पाहणीत तिची गणना होते. घरात आईने मांडीवर घेऊन मुलास अक्षरे ओळखावयास लाविले, तर त्याची नोंद कोण ठेवणार? मद्रासचा गव्हर्नर सर टॉमस मन्रो यास ही अडचण जाणवली होती. त्याने १८२२ साली इलाख्यातील देशी शिक्षणाची माहिती मागविली व ती आल्यावर १० मार्च १८२६ रोजी आपली सुप्रसिद्ध टिपणी लिहिली. मद्रास शहरापुरता घरी शिकणाऱ्या मुलांचा आकडा शाळांतील मुलांच्या सुमारे पाचपट भरत होता. या आकड्यात काही चूक असावी असे मन्रोला वाटले. परंतु घरी शिकणाऱ्यांची संख्या बरीच मोठी असली पाहिजे, हे त्याने मान्य केले. तथापि तो आकडा खरा धरला तरी त्यावरून घरात काय घडत असे हे कळत नाही. मूल कशाकडे पाहत होते, प्रथम काय वाचीत होते, शिकविणाऱ्या व्यक्तीने कोणती युक्ती योजली होती, याविषयी पाहणीचे तक्ते मुकेच राहतात.

अशा प्रश्नांना थोडेफार उत्तर देणारे एक साधन अठराव्या शतकातील एका इंग्रज घरातून आपल्यापर्यंत पोचले आहे. ते दूरच्या देशातील असले तरी त्यापासून निघणारा पद्धतीचा प्रश्न आपल्याही अभ्यासकांना लागू पडतो, म्हणून त्याचा येथे परामर्श घ्यावयाचा आहे.

बकिंगहॅमशर परगण्यातील ओल्नी या गावचा धर्मोपदेशक वुल्झी जॉन्सन याची पत्नी जेन जॉन्सन (१७०६–१७५९) हिने १७४० नंतरच्या काही वर्षांत आपल्या मुलांना वाचावयास शिकविण्यासाठी चित्रांचे पत्ते व लहान पुस्तिका स्वहस्ते तयार केल्या. त्यांची संख्या चारशेंहून अधिक आहे. त्या मुख्यतः १७४० साली जन्मलेल्या जॉर्ज या मुलासाठी केल्या असाव्यात असे मानतात. सुमारे दोन शतके त्यांची कोणास वार्ता नव्हती. अमेरिकेतील संग्राहक एलिझाबेथ बॉल ही १९८२ साली वारली. तिच्या बालपुस्तकांच्या संग्रहाबरोबर ही सामग्री इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयात आली आणि तेथे तिचे महत्त्व ध्यानात आले. १९९५ साली ती केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात प्रदर्शित झाल्यानंतर तिच्यावर अभ्यासग्रंथही निघाले.

चित्राच्या आधाराने शिकविण्याची कल्पना जेनची स्वतःची नव्हे. बोहेमियन ब्रदरन पंथाचा बिशप कोमेन्यूस याचा ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टुस’ हा ग्रंथ १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे छापला गेला व पुढच्याच वर्षी चार्ल्स हूल याने तो इंग्रजीत आणिला. तो लॅटिन शिकविणारे शालेय पुस्तक म्हणूनच शिक्षणेतिहासात गाजला. परंतु त्याच्या प्रस्तावनेतील एक सूचना अभ्यासकांच्या नजरेतून सहसा निसटते. शाळेत घालण्यापूर्वी घरीच हे पुस्तक मुलांच्या हाती द्यावे व त्यांना चित्रे मनसोक्त पाहू द्यावीत, असे कोमेन्यूस तेथे सांगतो. त्याने १६३३ सालीच ‘मातृशाळा’ या कल्पनेवर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला होता व त्यात पहिल्या सहा वर्षांचे शिक्षण आईच्या हाती सोपविले होते. तेव्हा पाठ्यपुस्तकांच्या या आद्य पुरुषानेही आपल्या चित्रांचा पहिला वाचक घरातच कल्पिला होता, हे लक्षात ठेवावयास हवे.

जॉन लॉक याच्या १६९३ सालच्या शिक्षणविषयक ग्रंथातील साक्ष याहूनही उपयुक्त आहे. मुलांना वाचन हे खेळाच्या मिषाने शिकवावे हे त्याचे मत सर्वश्रुतच आहे. पण ते मांडताना त्याने एका थोर गृहस्थाचे उदाहरण दिले आहे. या गृहस्थाने एका फाशाच्या सहा बाजूंवर सहा स्वर (त्यात ‘वाय’ धरून) व आणखी तीन फाशांवर अठरा व्यंजने चिकटविली होती. चार फासे एकदम टाकून ज्याचे अधिक शब्द जुळतील तो जिंकला, असा तो खेळ. लॉक येथे एक युक्ती केवळ नोंदवीत आहे. ती एका घरात आधीच चालू होती. पुढे इसापनीतीची शिफारस करताना, ती सचित्र असल्यास अधिक बरी, कारण ज्या प्राण्यांची मुलास कल्पनाच नाही त्यांची नुसती नावे ऐकून उपयोग नाही, असे तो म्हणतो. (आपल्याकडे सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या ‘इसापनीतिकथा’ १८२८ साली निघाल्या, म्हणजे या शिफारशीनंतर एकशे पस्तीस वर्षांनी.)

आता जेनच्या पत्त्यांकडे वळू. त्यांची घडण साधी आहे. बाजारात मिळणारी छापील चित्रे कापून ती जाड कागदावर चिकटविली आहेत, काही ठिकाणी सोनेरी वेलबुट्टीचा ‘डच’ कागद लाविला आहे, आणि चित्राखाली किंवा मागे स्वच्छ अक्षरांत मजकूर लिहिला आहे. काही संचांत केवळ अक्षरे, काहींत अक्षरांच्या जोड्या, काहींत सुटे शब्द व काहींत पूर्ण वाक्ये आणि पद्ये आहेत. अर्थात वर्णापासून वाक्यापर्यंत जाणारा जुनाच क्रम तिने पाळिला आहे. शिंगाच्या पारदर्शक पापुद्र्याने मढविलेल्या लाकडी अक्षरपाटीवर इंग्लंडातील मुले कित्येक पिढ्या याच क्रमाने शिकत आली होती. नवेपणा आहे तो मजकुरात. बायबलमधील वचनांच्या शेजारी पशुपक्षी येतात, रस्त्यावरचे विक्रेते येतात, घरच्या व ओळखीच्या माणसांची नावे येतात. मुलाने वाचावयाचे जग हे त्याच्या खिडकीतून दिसणारे जग आहे.

काही पत्त्यांना टांगण्यासाठी दोऱ्याचे फासे आहेत. ही बाब किरकोळ वाटेल, परंतु प्रस्तुत लेखकास ती फार महत्त्वाची वाटते. पाठाची वेळ संपली की पुस्तक मिटते. भिंतीवर टांगलेले चित्र दिवसभर समोर राहते. या घरातील शिक्षणाचा ‘एक दिवस’ कसा असेल, त्याचे चित्र रंगविण्याचा मोह अभ्यासकास साहजिकच होतो. सकाळची प्रार्थना, मग अक्षरांचा संच, दुपारी गोष्ट, असे वेळापत्रक आपण कल्पू लागतो. हा मोह आवरला पाहिजे. पत्त्यांवरून आपल्याला क्रम कळतो, तास कळत नाहीत. आणि टांगण्याचे फासे तर असे सुचवितात की शिकण्याची वेळ व न शिकण्याची वेळ यांमधील भिंत येथे मुळात नसावी. शाळेच्या दिवसाचा साचा घरावर बसविणे ही इतिहासलेखकाची सोय आहे. घरच्या वास्तवाचा पुरावा त्यातून मिळत नाही.

गोष्टीच्या बाबतीत मात्र आपण अधिक भाग्यवान आहो. १७४४ साली जेनने आपल्या मुलांसाठी एक दीर्घ कथा लिहिली व ती पाचसहा वर्षांच्या मुलांना सांगावयाची आहे अशा अर्थाचे शीर्षक तीस दिले. तिचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. हेच १७४४ साल इंग्रजी बालवाङ्मयाच्या इतिहासात दुसऱ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. लंडनचा पुस्तकविक्रेता जॉन न्यूबेरी याने त्या वर्षी ‘अ लिट्ल प्रिटी पॉकेट-बुक’ काढले. किंमत सहा पेन्स; आणखी दोन पेन्स दिल्यास मुलासाठी चेंडू किंवा मुलीसाठी टाचण्यांची उशी. मेरी कूपर हिच्या दुकानातून १७४३ साली ज्याची दुसरी आवृत्ती निघाली त्या ‘द चाइल्ड्ज न्यू प्ले-थिंग’मध्ये तर कापून सुटी करावयाची अक्षरेच दिली होती.

रंजक बालपुस्तकाचा आरंभ न्यूबेरीपासून धरण्याचा प्रघात आहे. या दृष्टीने पाहता जेनसारख्या माता म्हणजे नव्या बाजारमालाचे घरगुती अनुकरण करणाऱ्या स्त्रिया ठरतात. उपलब्ध पुराव्याशी हे जुळत नाही. लॉकने पाहिलेले फासे न्यूबेरीच्या अर्ध्या शतकापूर्वीचे आहेत. कापून वापरावयाची अक्षरे विकणारा प्रकाशक, घराघरांत कात्री व खळ चालते आहे हे जाणूनच ती विकतो. व्यापाऱ्यांनी एक रूढ असलेली घरगुती रीत हेरली व ती छापली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. देवघेव दोन्ही बाजूंनी होती हे खरेच, कारण जेनची चित्रेही छापखान्यातूनच आलेली होती. परंतु छापलेल्या प्रती ग्रंथालयांत राहिल्या आणि हाताने केलेले पत्ते मुले मोठी झाल्यावर टाकून दिले गेले, म्हणून श्रेय एकाच पक्षाकडे गेले.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. एका सुखवस्तू धर्मोपदेशकाच्या घरावरून सर्व इंग्लंडचे अनुमान काढता येणार नाही. ओल्नी हे हातविणीच्या लेससाठी प्रसिद्ध गाव. तेथील गरिबांच्या मुलांच्या हाती, जेनची मुले पत्ते हाताळीत त्याच वयाच्या सुमारास, लेस विणण्याच्या चात्या येत. जेनला कागद, चित्रे आणि मुख्य म्हणजे फुरसत उपलब्ध होती. त्या गरीब घरांतून चित्रांचे पत्ते आपल्याला मिळणार नाहीत. तेथे शिकविणे झाले असेल तर ते तोंडी, आणि हात कामात गुंतलेले असताना.

जेनची थोरली मुलगी बार्बरा (१७३८–१८२५) हिने १७४६ सालापासून, म्हणजे वयाच्या आठव्या वर्षापासून, आपल्या कपड्यांच्या कापडाचे तुकडे एका वहीत चिकटवून त्यांवर वर्ष, लांबी, दर व कपड्याचा प्रकार यांची नोंद ठेवावयास आरंभ केला आणि १८२३ पर्यंत तो क्रम चालविला. तुकड्यांच्या जोडीला तिने वेषभूषेची छापील चित्रेही कापून लाविली आहेत. ही वही लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात वस्त्रांच्या इतिहासाचे साधन म्हणून जपली आहे. आईचे पत्ते ब्लूमिंग्टन येथे बालसाहित्यात, तिची कथा ऑक्सफर्ड येथे हस्तलिखितांत आणि मुलीची वही लंडनला कापडांत, अशी एकाच घरातील कात्री व खळ यांची कामगिरी आज तीन गावी तीन वर्गांखाली नोंदलेली आहे.