सणाचे मधले दिवस आणि येसकराची पाळी

श्रमाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. जमिनीविषयी, मजुरीविषयी, वेठबिगारीविषयी लिहिले गेले. विश्रांतीविषयी मात्र कोणी फारसे लिहीत नाही. त्याचे कारण उघड आहे. ज्याच्या घरी संध्याकाळी चूल पेटेल की नाही याची शाश्वती नाही, त्याला सुट्टीची चर्चा ही भरल्या पोटाची चर्चा वाटते. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. परंतु काम थांबवण्याचा हक्क कोणाला आहे, आणि सगळ्यांचे काम थांबले तरी ज्याचे थांबत नाही असा माणूस कोण, हे दोन प्रश्न एखाद्या समाजाला विचारून पाहावेत. त्या समाजाची उतरंड त्यातून फार लवकर उघडी पडते.

मी इतिहास शिकवतो. प्राचीन जगाचा अभ्यासक्रम शिकवताना ज्यूंच्या धर्मशास्त्राकडे वळलो आणि त्यातल्या एका लहानशा प्रकरणापाशी थांबलो. त्याचे नाव ‘मोएद कातान’. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या संहितेतील हे तीन अध्यायांचे प्रकरण आहे. त्याचा बराचसा भाग सणाच्या मधल्या दिवसांत कोणते काम करावे आणि कोणते करू नये याविषयी आहे.

हे मधले दिवस म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. ज्यूंचे दोन सण आठवडाभर चालतात. एक वल्हांडण, म्हणजे मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याचा सण. दुसरा मांडवांचा सण, म्हणजे सुटल्यानंतरच्या भटकंतीची आठवण. या सणांचे सुरुवातीचे व शेवटचे दिवस पूर्ण पाळायचे. मधले दिवस ना धड सणाचे, ना धड कामाचे. इस्राएलबाहेरच्या ज्यूंना वल्हांडणात असे चार दिवस येतात, मांडवांच्या सणात पाच. या दिवसांत धंदा करायचा नाही. पण आयुष्य पूर्ण थांबवताही येत नाही. मग कुठे थांबायचे? धर्मपंडितांनी यावर शेकडो वर्षे वाद घातला. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी ‘शुल्हान आरुख’ हा आचारग्रंथ रचला, त्यातही या दिवसांसाठी स्वतंत्र प्रकरणे आहेत.

मला या वादातला देवाधर्माचा भाग तितका महत्त्वाचा वाटला नाही. मला धरून ठेवले ते त्यातल्या घरकामाने. प्रकरणाची सुरुवातच शेताच्या पाण्याने होते. जे शेत पावसावर न राहता पाणी देऊन पिकवावे लागते, त्याला या दिवसांत पाणी द्यावे, कारण न दिले तर पीक जळेल. नुकसान होणार असेल तर काम करता येते, हे पहिले तत्त्व. मग घर येते. चूल मांडता येईल, भट्टी मांडता येईल, जातेही मांडता येईल; पण नव्या जात्याला टाकी लावू नये, असे यहुदा नावाच्या पंडिताचे मत. खाटेची दोरी विणता येईल. फाटलेले शिवायचे तर घरच्या माणसाने नेहमीसारखे शिवावे, पण ज्याचा तो धंदा आहे अशा शिंप्याने वेडेवाकडे टाके घालावेत, म्हणजे धंदा चालू आहे असे होणार नाही. कपडे धुणे मना आहे, कारण मोकळीक दिली तर माणसे सणाआधी धुवायची नाहीत आणि मळक्या अंगाने सणाला बसतील. या मनाईला अपवाद आहेत. परदेशाहून आलेला, कैदेतून सुटलेला यांनी धुवावे. पुढे ‘ताल्मुद’मध्ये आणखी एक अपवाद येतो: ज्याच्याकडे एकच वस्त्र आहे, त्याने धुवावे.

एकच वस्त्र असणाऱ्याचा विचार धर्मशास्त्रात केलेला मी प्रथमच वाचला. माझी आजी वेल्ह्याच्या डोंगरातली. (तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे, आमच्या तोंडात अजून वेल्हेच बसले आहे.) नदीवर अर्धे लुगडे धुऊन वाळेपर्यंत अर्धे गुंडाळून बसण्याची गोष्ट ती सांगे, तेव्हा त्यात तिला विशेष काही सांगतो आहोत असे वाटत नसे. आपल्याकडच्या व्रतवैकल्यांच्या पोथ्यांत सोवळ्याचे वस्त्र कोणते, ते कसे वाळवावे, कोणी शिवू नये, याचा विचार पानोपानी आहे. दुसरे वस्त्रच नाही अशा बाईचा विचार मला तिथे कुठे दिसला नाही.

याहून मोठा नियम मजुराचा आहे. ज्या मजुराकडे खायला काही नाही, त्याला मधल्या दिवसांत मना असलेले कामसुद्धा देता येते, म्हणजे तो मजुरी मिळवील आणि खाईल. विकत घेण्याचेही तसेच. सणाला लागणार नाही अशी मोठी खरेदी करू नये. पण विकणाऱ्याच्या घरात अन्न नसेल तर करावी. इथे कायदा देवाच्या आज्ञेआधी मजुराच्या मडक्यात डोकावून पाहतो. मला हे मोठे वाटते.

परंतु आपण भाबडेपणाने वाचू नये. याच वाक्यात घरे आणि गुरे यांच्या जोडीला गुलामांच्या खरेदीचाही उल्लेख आहे. गुलामगिरीतून सुटल्याचा सण, आणि त्या सणात गुलाम कधी विकत घ्यावा याचा नियम! तसेच भुकेल्या मजुराला काम देण्याच्या नियमाचा दुसरा अर्थ असा होतो की सगळे गाव मांडवात बसलेले असताना सर्वांत गरीब माणूस राबत असतो, आणि धनिकाचे अडलेले काम पुण्य लागून होते. पंडितांना ही पळवाट दिसली नव्हती असे नाही. मुद्दाम मधल्या दिवसांवर ढकलून ठेवलेले काम वाया जाऊ द्यावे, असा कडक नियम त्यांनी केला. आणि स्वयंपाकाचे काय? खाण्यासाठी लागणारे काम या दिवसांत नेहमीच मोकळे. म्हणजे विळी, चूल आणि जाते ज्या हातांत, त्या हातांना या साऱ्या ऊहापोहातून फारसे काही मिळाले नाही. सणाच्या कायद्यातली ही जागा जगभर सारखीच रिकामी दिसते.

आता हा विचार आपल्या मातीत आणून पाहू. त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. वेल्ह्याच्या पश्चिमेला केळदवरून मढे घाट उतरला की महाड तालुका लागतो. तिथून उत्तरेला रोहा, पेण, अलिबागच्या पट्ट्यात बेने इस्राएल शतकानुशतके राहत होते. केहिमकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर ही त्यांची आडनावे त्यांची गावे सांगतात. नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या गलबतातून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा. भाषा मराठी, धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत.

वर सांगितलेली ‘मिश्ना’ या कोकणी ज्यूंना बराच काळ माहीत नव्हती. हिब्रू विसरली होती, ग्रंथ जवळ नव्हते. उरले होते ते हाताच्या सवयीत उरलेले शास्त्र. हायम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, तो १९३७ साली छापला गेला. त्यात सणांची जुनी मराठी नावे दिली आहेत. उपासाच्या दिवशी दारे लावून घरात बसायचे, म्हणून दारफाळणीचा सण. वल्हांडणाला अनाशी ढाकाचा सण म्हणत. आंबट कालवणाचे भांडे झाकून ठेवायचे आणि आठ दिवस उघडायचे नाही. आंबवलेल्या पदार्थाच्या मनाईचा सारा ग्रंथ त्या एका झाकणात मावला होता. हे झाकण ठेवणारा हात बाईचाच असणार. दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, त्या दिवशी गोरगरिबांना दान द्यायचे आणि भेटीगाठी घ्यायच्या.

या समाजातही उतरंड होती, हे सांगितले पाहिजे. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग होते, त्यांच्यात बेटीव्यवहार नव्हता. ज्यांनी चातुर्वर्ण्याचा ग्रंथ कधी मानला नाही, त्यांच्याही घरात शेजारच्या हवेने जात शिरली.

तरीही एक गोष्ट राहते. कोकणातल्या गावाने तेल्याला शनिवार दिला. पाटलाला तेल हवे असले तरी शनिवारी घाणा फिरत नसे, आणि यावरून कोणी त्याला झोडपले असे ऐकिवात नाही. गावाने चेष्टेत म्हणा की आदराने म्हणा, त्या सुट्टीवरून जातीचे नाव पाडले आणि विषय संपवला. मग त्याच गावाने येसकराला एक दिवस का दिला नाही?

धर्म वेगळा होता म्हणून, हे उत्तर पुरेसे नाही. तेल्याचा घाणा तेल्याचा होता. बैल त्याचा, तीळ त्याने घेतलेले, थांबला तर नुकसान त्याचे. ज्याच्या हातात साधन आहे त्याला ते थांबवता येते. महाराजवळ थांबवण्यासारखे साधनच नव्हते. त्याचे काम गावाच्या मालकीचे. सांगावा पोचवणे, सरकारी अंमलदाराचे ओझे वाहणे, चावडी झाडणे, मेलेले जनावर ओढणे, यांतले कोणते काम वार बघून येते? उलट सण आला की काम वाढे. होळीची लाकडे, वेशीचे तोरण, पाहुण्यांच्या घोड्यांना वैरण. शेतकऱ्याच्या बैलालासुद्धा पंचांगात एक दिवस आहे. आदल्या दिवशी त्याचे खांदे मळतात, पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. येसकराची पाळी बदलत असे, पण वस्तीची पाळी कधीच संपत नसे.

आणि मोबदला? वतनाची तुटपुंजी जमीन, बलुते, आणि दारोदार फिरून मागितलेली भाकर. सणाचे गोडधोड आमच्या वस्तीत सणाच्या दुसऱ्या दिवशी येई. बेने इस्राएलांनी ज्या दिवसाला शिळा सण म्हटले, तो त्यांनी दान देण्याचा दिवस होता. आमच्याकडे प्रत्येक सण शिळा होऊनच येत असे, आणि तो घेण्याचा दिवस होता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. त्याचा अर्थ आपण सहसा स्वच्छतेच्या आणि स्वाभिमानाच्या अंगाने सांगतो. मला त्यात आणखी एक अर्थ दिसतो. शिळे नाकारणे म्हणजे त्या शिळ्याच्या बदल्यात जो सणाचा दिवस गावाला विकला जात होता, तो परत मागणे.

पुढच्याच वर्षी, १९२८ साली, बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. १८७४ च्या कायद्याने वतनदार महाराचे कामाचे तास ठरवले नव्हते, कामे ठरवली नव्हती. पाळीचा माणूस घरी नसला तर बाप, आई, जो सापडेल त्याने हजर व्हायचे. म्हणजे एका माणसाच्या नावावर सारे घर चोवीस तास बांधलेले. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. वतने प्रत्यक्ष गेली ती १९५८ च्या कायद्याने, १९५९ मध्ये. माझ्या आजोबांनी त्यानंतर पहिली दिवाळी कशी घालवली असे मी आजीला एकदा विचारले होते. ती म्हणाली, “झोपले.”

शहरात ही लढाई आधी सुरू झाली होती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळाली. साहेबाच्या देवळाचा वार आणि खंडोबाचा वार एकच निघाला, हा योगायोगच. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगारांना पगारी रजा मिळाली, १९४६ च्या दुरुस्तीने कामाचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला. ज्याच्या जातीला गावाने एक वार दिला नाही, त्याने देशभरच्या कारखान्यांना भरपगारी रजेचा कायदा दिला. शाळेच्या पुस्तकांत याला एखादी ओळ मिळाली तर मिळते.

पण कारखान्याच्या कायद्याची हद्द कारखान्याच्या भिंतीपाशी संपते. १९४२ साली आठवड्याच्या सुट्टीचा वेगळा कायदा झाला, तो दुकाने, उपाहारगृहे आणि नाट्यगृहे यांच्यासाठी. घर त्यात नाही. ‘मोएद कातान’मध्ये चुलीपुढचे हात जसे मोकळे झाले नाहीत, तसे इथेही झाले नाहीत. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणी आहे, मंडळ आहे, आठवड्याला एक दिवस मिळालाच पाहिजे असा हक्क नाही. २०११ साली जिनिव्हात घरकामगारांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांतीची तरतूद आहे. भारताने कराराच्या बाजूने मत दिले, पण तो अद्याप स्वीकारलेला नाही.

पुण्यात रास्ता पेठेत बेने इस्राएलांचे १९२१ सालचे प्रार्थनामंदिर आहे, त्याचे नाव ‘सुक्कथ शेलोमो’, म्हणजे शलोमोचा मांडव. आमच्या डोंगरातल्या कितीतरी बाया सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत धुणेभांडी करतात. माझी आई त्यांच्यातलीच होती. नवरात्राआधी भिंती झाडायच्या, दिवाळीआधी डबे घासायचे, पाहुणे वाढले की भांडी वाढायची. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ज्या घरी तिला बोनस मिळे, त्याच घरी त्या दिवशी सर्वांत उशीर होई. वेल्ह्याची शेवटची गाडी तोवर गेलेली असे, आणि आम्ही भावंडे वस्तीवर पणत्या लावून तिची वाट न पाहता जेवून घेत असू, कारण ती पाडव्याला सकाळी येणार हे आम्हाला ठाऊक असे.