सव्वीस मिनिटांचं कूळ

विमानतळाच्या धुराचा हिशोब अनेक ठिकाणी एका ठरीव आकड्यावर चालतो: २६ मिनिटं. विमान रांगत धावपट्टीकडे जातं, उतरल्यावर रांगत परत येतं, त्या दोन्हींचा मिळून धरलेला वेळ. टेकऑफला ०.७ मिनिट, वर चढायला २.२, उतरायला ४. बेरीज ३२.९. हीच ती ‘एलटीओ’, म्हणजे लँडिंग-टेकऑफ सायकल. ३००० फुटांच्या वरचा धूर या खात्यात येतच नाही.

जन्म अमेरिकेतला. १९७० च्या क्लीन एअर ॲक्टनंतर तिथल्या पर्यावरण संस्थेनं १९७३ मध्ये विमानांच्या इंजिनांना मर्यादा घातल्या. ही सायकल तेव्हाचीच, आणि ती आखताना डोळ्यांपुढे होते तिथले गजबजलेले महानगरी विमानतळ. १९८१ मध्ये आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं असलीच सायकल आपल्या परिशिष्ट १६ च्या दुसऱ्या खंडात घेतली. हेतू इंजिनं एका मापानं तपासण्याचा होता, कुठल्या शहराची हवा जोखण्याचा नव्हे. पण आयता आकडा मिळाला की नवा कोण शोधतो!

त्याची किंमत बघा. ७३७ किंवा ए-३२० जातीच्या विमानाचं एक इंजिन जमिनीवर रेंगाळताना सेकंदाला साधारण ११० ग्रॅम इंधन पितं. २६ मिनिटांत दोन्ही इंजिनांचं मिळून ३४० किलोच्या आसपास. प्रत्यक्षात १३ मिनिटंच लागली, तर निम्मं इंधन नुसतं कागदावर जळालं. शिवाय कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळालेलं इंधन सर्वांत जास्त सुटतं ते याच रेंगाळण्यात. नायट्रोजन ऑक्साइडचा जोर टेकऑफला.

आता हाच हिशोब पुण्याला लावून बघू. इथल्या लोहगाव विमानतळापासून पिंपरीतलं संत तुकाराम नगर सरळ रेषेत बारा-एक किलोमीटर. तीन अंशांच्या उतारानं येणारं विमान धावपट्टीच्या सुमारे १७ किलोमीटर अलीकडेच ३००० फुटांखाली आलेलं असतं. म्हणजे पश्चिमेकडून उतरणाऱ्या विमानाचा पिंपरीच्या बाजूचा धूरही कागदावर विमानतळाच्याच नावे पडतो. तो जमिनीवर पोहोचेस्तोवर पार विरळ होतो, हे वेगळं. खाली मात्र जुना मुंबई-पुणे हायवे, वल्लभनगरच्या एसट्या, वायसीएम रुग्णालयाकडे वळणाऱ्या रिक्षा. नायट्रोजन ऑक्साइड सगळ्यांचाच, आणि यंत्राला त्यातला विमानाचा कुठला ते कळत नाही. हवा मोजणारी ‘सफर’ची केंद्रं भोसरीत आहेत, निगडीत आहेत, लोहगावलाही आहे, ती एकूण किती ते सांगतात, कुणाचं किती ते नाही. म्हणून संगणकावर वारा आणि धूर घालून तेच शहर दोनदा चालवतात, एकदा विमानतळासह, एकदा त्याच्याविना. दोन्हींतला फरक हा विमानतळाचा वाटा. त्यासाठी २६ च्या जागी लोहगावचीच मिनिटं मोजून घालायला हवीत.

तेवढ्यानंही भागत नाही. लोहगाव हा मुळात १९३९ चा हवाई दलाचा तळ. प्रवासी विमानं तिथली पाहुणी. आयकाओच्या इंजिन-यादीत फक्त नागरी इंजिनं आहेत. सुखोई लढाऊ विमानाचं त्यात नाही.