आगगाडींतील श्वान

मुंबईच्या एखाद्या मोठ्या स्थानकांत सणासुदीच्या दिवसांत उभें राहिलें म्हणजे एक देखावा बहुधा दृष्टीस पडतो. फलाटावर पोलीस शिपाई येतो. त्याच्या हातांतील दोरीस बांधलेलें कुत्रें गांठोडीं, पेट्या, बांकांखालच्या जागा हुंगत पुढें सरकतें. क्षणापूर्वीं जागेसाठीं भांडणारे उतारू आपोआप बाजूस होतात. ज्यांच्याजवळ दशम्यांच्या डब्याखेरीज कांहीं नसतें, तेही आपल्या पिशवीकडे एकवार पाहून घेतात. निरपराध मनुष्यासही आपल्या निरपराधित्वाची खात्री करून घ्यावीशी वाटावी, असें या मुक्या प्राण्यांत काय आहे? याचा शोध घेतां आम्हांस असें दिसून आलें कीं, रेल्वे व पोलिसांचें कुत्रें यांचा संबंध शंभर वर्षांहून जुना असून त्या अवधींत कुत्र्याचें काम पार पालटून गेलें आहे.

पोलिसांनीं कुत्र्यांस शिस्तीनें शिकवून गस्तीस न्यावें, ही कल्पना बेल्जियममधील गेंट शहरानें १८९९ सालीं अमलांत आणिली. इंग्लंडांत तिचें अनुकरण प्रथम केलें तें रेल्वेच्या पोलिसांनीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १९०८ सालीं नॉर्थ ईस्टर्न रेल्वे कंपनीच्या पोलिसांनीं हल बंदराच्या गोद्यांत एअरडेल टेरिअर जातीचीं कुत्रीं गस्तीस नेमिलीं. गोदींतील माल चोरीस जाऊं नये, हा त्यांतील हेतु होता. पोलिसाच्या गणवेशाचें रक्षण करावें व पळणाऱ्या मनुष्यास गांठून अडवावें, हें त्यांस शिकविलेलें असे. येथें कुत्र्याचें बळ त्याच्या पायांत, दांतांत व भुंकण्यांत होतें. तिकीट काढून गाडींत बसलेल्या उतारूचा या कुत्र्याशीं कांहींएक संबंध नव्हता.

पुढें दांतांची जागा नाकानें घेतली. मुंबई पोलिसांचें श्वानपथक १९५९ सालीं तीन डोबरमन कुत्र्यांनिशीं सुरू झालें. घडलेल्या गुन्ह्याचा माग काढणें हें अशा कुत्र्यांचें जुनें काम. स्फोटकें हुडकणें हें त्याहून निराळें. तेथें अनर्थ घडण्यापूर्वींच तो ओळखावयाचा असतो. १९९३ च्या मार्च महिन्यांतील बाँबस्फोटांनंतर हें सामर्थ्य मुंबईकरांनीं पाहिलें. पुण्यास शिकून तयार झालेल्या ‘जंजीर’ नांवाच्या लॅब्राडोर कुत्र्यानें तीन हजार किलोंहून अधिक आर.डी.एक्स. हस्तगत करण्यास साह्य केलें, आणि २००० सालीं तो मरण पावला तेव्हां पोलिसांनीं त्यास सन्मानानें निरोप दिला. ११ जुलै २००६ रोजीं पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट होऊन १८० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. तो दिवस ज्यांनीं अनुभवला, त्यांस गाडी हुंगणारें कुत्रें पाहून धीर वाटतो, यांत नवल नाहीं. या कामास विचारी मनुष्यानें हरकत घेऊं नये, असें आमचें मत आहे. कुत्रें चुकलें तर एखादी पिशवी उघडली जाईल. बरोबर निघालें तर शेंकडों प्राण वांचतील.

मात्र हेंच नाक अमली पदार्थांच्या शोधास लाविलें म्हणजे हा हिशेब बदलतो. त्याचें बोधप्रद उदाहरण ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरानें घालून दिलें आहे. २००१ सालीं तेथील एका खटल्यांत दंडाधिकाऱ्यानें असा निर्णय दिला कीं, रस्त्यावरील मनुष्यास पोलिसांच्या कुत्र्यानें हुंगणें हीच झडती होय. आणि सबळ संशयावांचून घेतलेली झडती बेकायदेशीर आहे. वरिष्ठ न्यायालयानें पुढें हें मत अमान्य केलें. पण न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळानें तितकी वाट न पाहतां त्याच वर्षीं स्वतंत्र कायदा केला. मद्यगृहें, खेळांचे सामने व नेमून दिलेल्या मार्गांवरील सार्वजनिक गाड्या येथें अधिपत्रावांचून कुत्रीं फिरविण्याची मुभा त्यानें पोलिसांस दिली.

या कायद्याच्या पहिल्या दोन वर्षांचा हिशेब तपासून त्या राज्याच्या लोकपालानें २००६ सालीं अहवाल प्रसिद्ध केला. कुत्र्यांनीं १०,२११ वेळां खूण केली होती. त्यानंतरच्या झडत्यांपैकीं शेंकडा २६ मध्येंच अमली पदार्थ मिळाले. आणि ते पुरविल्याचा गुन्हा शाबीत झाला असे खटले अवघे १९. म्हणजे व्यापार करणारा बहुधा हातीं लागला नाहीं, आणि खूण झालेल्या दर चार माणसांपैकीं जवळजवळ तिघांस चारचौघांत विनाकारण झडती द्यावी लागली.

मग कुत्रें लबाड म्हणावें काय? मुळींच नाहीं. पदार्थ नाहींसा झाला तरी त्याचा वास वस्त्रास चिकटून राहतो, आणि ‘आतां आहे’ व ‘मघां होता’ हा काळभेद कुत्र्यास सांगतां येत नाहीं. शिवाय दोरीच्या दुसऱ्या टोकास मनुष्य असतो. कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथें आठवतो. अठरा कुत्रीं व त्यांचे हस्तक यांस एका प्रार्थनामंदिराच्या खोल्या तपासावयास लाविलें. तेथें अमली पदार्थ वा स्फोटक कांहींच ठेविलेलें नव्हतें. हस्तकांस मात्र तें असूं शकेल असें सांगितलेलें होतें. १४४ तपासण्यांत २२५ खोट्या खुणा नोंदल्या गेल्या. कुत्र्यांनीं धन्याचें मन ओळखलें, कीं धन्यांनीं कुत्र्यांच्या साध्या हालचालींत आपली अपेक्षा पाहिली, हें कसेंही असो. दोष नाकाचा नव्हता.

आपल्या न्यायालयांस या प्राण्याची मर्यादा पूर्वींच जाणवली होती. महाराष्ट्रांतून वर गेलेल्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९६९ सालीं या पुराव्यावरील आक्षेप नमूद केले. कुत्र्यास बोलतां येत नाहीं, त्याची उलटतपासणी घेतां येत नाहीं, आणि मनुष्याचें जीवित व स्वातंत्र्य त्याच्या अनुमानावर सोंपवूं नये, असे ते आक्षेप होते. असा पुरावा ग्राह्य धरला तरी सामान्यतः त्यास फारसें वजन नाहीं, असें मत न्यायालयानें दिलें. १९८५ च्या अमली पदार्थांविषयींच्या कायद्याच्या ५० व्या कलमानें आपली अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर वा दंडाधिकाऱ्यासमोर घ्यावी, अशी मागणी करण्याचा हक्क संशयितास दिला. परंतु हातांतील पिशवीस हें संरक्षण लागू नाहीं, असें पुढें न्यायालयानें ठरविलें. आणि उतारूचा सारा संसार तर पिशवींतच असतो.

तात्पर्य, प्राणरक्षणासाठीं गाडी हुंगणारें कुत्रें आणि उतारूंच्या गर्दींत गुन्हेगार शोधीत फिरणारें कुत्रें हीं दिसावयास एकच असलीं तरी त्यांस एकाच मापानें मोजूं नये. पहिल्याची संख्या वाढावी. दुसऱ्याच्या बाबतींत तरी प्रत्येक खुणेची, विशेषतः फुकट गेलेल्या खुणेची, नोंद ठेवून ती लोकांपुढें मांडली जावी. सिडनींतील चूक कळली ती कोणीतरी तेथें मोजदाद केली म्हणूनच. कुत्रें आपलें काम इमानानें करतें. त्याच्या खुणेचा अर्थ लावण्यांत तितकेंच इमान राखणें हें दोरी धरणाऱ्याचें व त्यास ती सोंपविणाऱ्या आपणां सर्वांचें काम आहे.